हिशोब संगणकावर जाईल, पण किल्ली कुणाकडे?



सकाळी दूध संस्थेत किटली घेऊन जाता ना? दूध मोजलं जातं, फॅट लागतं, एसएनएफ लागतं आणि लिटर, दर, रक्कम छापलेली चिठ्ठी हातात येते. दहा दिवसांनी बिल निघतं तेव्हा त्या सगळ्या चिठ्ठ्यांची बेरीज आपोआप झालेली असते. हे गणित ज्याच्या जोरावर चालतं त्यालाच सॉफ्टवेअर म्हणतात. म्हणजे "आम्हाला त्यातलं काही कळत नाही" असं म्हणायचं कारण नाही. कोल्हापूर जिल्ह्यातली दूध घालणारी प्रत्येक बाई सॉफ्टवेअरशी रोज व्यवहार करते.

आता तीच गोष्ट आपल्या उद्योगाच्या दारात आली आहे. चटणी, पापड, गूळ, शेवया, चपला, शिवणकाम असं काही करणारा गट प्रदर्शनात बसला की कुणीतरी येऊन सांगतं, "ताई, हे ॲप घ्या. हिशोबाची कटकट संपेल. पहिलं वर्ष फुकट."

आमच्या संघातल्या एका गटानं असं ॲप घेतलं. चटणीचा धंदा बरा चालला होता. सचिवताईंचा भाचा हुशार, त्यानं सगळं लावून दिलं. आठ महिने उधारी त्यातच लिहिली आणि वही बंद केली. वर्ष संपलं तशी पैसे भरायची सूचना आली. पैसे भरायला गट तयार होता, पण आत शिरायचा ओटीपी जायचा भाच्याच्या जुन्या नंबरवर आणि तो नंबर त्यानं केव्हाच बंद केलेला. ऐन दिवाळीच्या तोंडावर कुणाकडून किती येणं आहे तेच कळेना. आठवून आठवून यादी केली. दोन दुकानदारांशी वाद झाला आणि थोडे पैसे बुडाले ते बुडालेच. त्या ॲपचं नाव इथं महत्त्वाचं नाही. घेण्याआधी काय विचारायचं हे आम्हालाच माहीत नव्हतं. ते माहीत व्हावं म्हणून हा लेख.

बचतीचा हिशोब वेगळा, उद्योगाचा वेगळा

आधी एक घोळ दूर करू. गटाची बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, बैठकीची हजेरी हा झाला गटाचा हिशोब. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र, हिशोबाच्या नोंदी अद्ययावत ठेवणं, ते ह्याच हिशोबासाठी आहे. त्याच्या संगणकीकरणाचं काम सरकारी पातळीवर सुरू आहे. नाबार्डनं २०१५ साली ई-शक्ती प्रकल्प सुरू केला, तेव्हा पहिल्या दोन जिल्ह्यांत झारखंडचं रामगड आणि आपल्या महाराष्ट्रातलं धुळे होतं. उमेदच्या गटांची माहिती आता लोकोस ॲपमध्ये भरली जाते. ते काम सीआरपी ताईंच्या मदतीनं होतं आणि त्याला तुम्हाला वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत.

पण मिरची किती आणली, चटणी किती झाली, कुणाला किती पाकिटं दिली, कुणाकडून येणं आहे, हा उद्योगाचा हिशोब. तो कुणी येऊन भरून देत नाही. तो आपणच ठेवायचा असतो. ह्या लेखात बोलतोय ते ह्या दुसऱ्या हिशोबाबद्दल.

सॉफ्टवेअर करतं काय?

समजा, तुमच्या गटानं १० किलो कांदा-लसूण चटणी केली. पाव किलोची ४० पाकिटं झाली. खर्च असा धरू:

मिरची, कांदा, लसूण, खोबरं, तेल, मसाला: २,६०० रुपये
डंकावरचं कांडप: ३०० रुपये
पाकिटं आणि लेबल: २५० रुपये
गाडीभाडं: १५० रुपये

एकूण ३,३०० रुपये. पाकीट ११० रुपयांना विकलं तर ४,४०० रुपये आले. म्हणजे १,१०० रुपये नफा. बरोबर?

नाही. दोन बायका दोन दिवस राबल्या, त्यांची मजुरी कुठं गेली? दिवसाला ३०० रुपये धरले तरी १,२०० रुपये होतात. ते धरले तर खर्च ४,५०० आणि विक्री ४,४००. म्हणजे १०० रुपये तोटा.

हे गणित वहीवरही होतं. मग सॉफ्टवेअर कशाला? कारण त्यात एकदा लिहिलेलं चार ठिकाणी जातं. "दुकानदाराला १२ पाकिटं उधार दिली" एवढी एकच नोंद केली की शिल्लक माल ४० वरून २८ वर येतो, विक्रीत १,३२० रुपये वाढतात, त्या दुकानदाराच्या नावावर १,३२० रुपये चढतात आणि बिलही तयार होतं. त्यानं हजार रुपये दिले की त्याच्या नावावर ३२० उरतात. वहीत हेच काम चार पानांवर चार वेळा करावं लागतं आणि कामाच्या घाईत एखादं पान राहूनच जातं.

मात्र एक लक्षात ठेवा. मजुरी तुम्ही लिहिलीच नाही, तर संगणकही १,१०० रुपये नफाच दाखवेल. तो न सांगितलेलं ओळखत नाही. म्हणून रोजच्या रोज आणि खरं लिहायची सवय आधी लावून घ्या, यंत्राचा विचार नंतर.

गरजेतून निघालेली दोन सॉफ्टवेअर

तालुक्याच्या गावी कर सल्लागाराकडे गेलात तर 'टॅली' हा शब्द ऐकला असेल. त्याची सुरुवात १९८६ सालची. श्यामसुंदर गोयंका यांचा गिरण्या-कारखान्यांना माल पुरवण्याचा धंदा होता. आपला हिशोब नीट सांभाळेल असं सॉफ्टवेअर त्यांना मिळेना. तेव्हा त्यांनी मुलाला, भरत गोयंका यांना ते करायला सांगितलं. त्यातून टॅली उभी राहिली आणि देशभर पसरली. ती विकत घ्यावी लागते. ज्यांचा व्याप मोठा आहे त्यांना ती परवडतेही.

दुसरी गोष्ट मुंबईची, आणि आपल्याला जास्त उपयोगाची. ऋषभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा धंदा. कच्चा माल, ऑर्डरी, कारागीर, बिलं, येणं-देणं हे सगळं एका जागी दिसावं म्हणून त्यांनी तयार सॉफ्टवेअर बसवून पाहिलं. ते जमलं नाही. अशी सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्यांसाठी घडवलेली असतात. ती बसवायला सल्लागार लागतात, खर्च लाखांत जातो आणि छोट्या कारखान्याची रीत त्यात बसत नाही. शेवटी मेहता यांनी आपल्या गरजेचं सॉफ्टवेअर स्वतःच लिहायला घेतलं. २००८ साली काही सहकाऱ्यांबरोबर त्यांनी मुंबईत छोटी कंपनी काढली. तीच आज फ्रॅपे नावानं ओळखली जाते. त्यांच्या सॉफ्टवेअरचं नाव ईआरपीनेक्स्ट. खरेदी, साठा, उत्पादन, विक्री, पगार, हिशोब हे सगळं एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला ईआरपी म्हणतात, म्हणून हे नाव.

इथपर्यंतची गोष्ट टॅलीसारखीच वाटेल. पण पुढं त्यांनी वेगळा रस्ता धरला. आपलं सॉफ्टवेअर त्यांनी सगळ्यांसाठी खुलं केलं.

खुलं म्हणजे काय? देशी बियाणं आठवा

आपल्या सासवा-आज्या गाडग्यात राख घालून बी जपून ठेवायच्या. त्या देशी बियाण्याचं वैशिष्ट्य काय? आपल्याच पिकातून पुढच्या वर्षाचं बी काढता येतं. शेजारणीला ओंजळभर देता येतं. आपल्या रानाला मानवेल असं निवडून ते सुधारता येतं. कुणाची परवानगी लागत नाही. संकरित बियाणं मात्र दरवर्षी दुकानातून आणावं लागतं, आणि दुकानदार सांगेल तो भाव द्यावा लागतो.

सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. बहुतेक ॲप संकरित बियाण्यासारखी असतात. वापरता येतात, पण आत काय आहे ते दिसत नाही, आणि कंपनीनं उद्या भाव वाढवला किंवा दुकान बंद केलं तर आपल्या हातात काही राहत नाही. खुलं सॉफ्टवेअर देशी बियाण्यासारखं. त्याची आतली सगळी मांडणी जाहीर असते. कुणीही ते घ्यावं, वापरावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. ईआरपीनेक्स्टच्या परवान्यात एक अट मात्र आहे: बदललेलं सॉफ्टवेअर पुढं कुणाला दिलं, तर त्याची मांडणीही त्याला उघडी करून द्यायची. म्हणजे सामाईक बियाणं घेऊन कुणी ते कुलुपात बंद करू शकत नाही.

मग तुम्ही विचाराल, ह्या माणसांचं पोट कसं भरतं? बियाणं फुकट असलं तरी रोपवाटिका चालतेच की! बी पेरून रोपं करायला ज्यांना वेळ नाही ते तयार रोपं विकत घेतात. फ्रॅपेचंही तसंच आहे. सॉफ्टवेअर फुकट घ्या आणि स्वतःच्या संगणकावर बसवा, हा एक मार्ग. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी कंपनी आपल्या यंत्रणेवर ते चालवून देते, मदत करते आणि त्याचे पैसे घेते. खुलं असल्यामुळं जगभरचे वापरणारे त्यातल्या चुका शोधतात, दुरुस्त करतात, आपापल्या देशाचे कर-नियम घालतात. शेअर बाजारातली झिरोधासारखी मोठी कंपनीही हेच सॉफ्टवेअर वापरते. २०२० साली त्याच झिरोधाच्या रेनमॅटरनं फ्रॅपेमध्ये गुंतवणूक केली. त्याआधीची बारा वर्षं ही मंडळी मोठ्या गुंतवणूकदाराशिवाय, आपल्या कमाईवर चालत होती. आपल्या बचत गटाला ही चाल अनोळखी वाटू नये.

आणखी एक नाव सांगावंसं वाटतं. मुंबईचे कृष्णकांत माने. त्यांना डोळ्यांनी दिसत नाही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीनं ते संगणकावर काम करतात. त्यांच्या पुढाकारानं 'ग्नूखाता' हे हिशोबाचं खुलं सॉफ्टवेअर तयार झालं, तेही छोट्या व्यावसायिकांसाठी आणि संस्थांसाठी. "आपल्याला काय जमणार" असं मनात आलं तर ही गोष्ट आठवा.

'फुकट' हा शब्द नीट वाचा

बाजारात फुकट म्हणून जे मिळतं ते एका जातीचं नसतं.

काही ॲप ठरावीक मुदतीपुरती फुकट असतात, नंतर पैसे. काही कायम फुकट असतात, पण बिलावर त्यांचं नाव येतं किंवा कामाच्या सोयीला पैसे पडतात. काही पूर्ण फुकट असतात, पण तुमच्या धंद्याची माहिती पाहून तुम्हाला कर्ज, विमा असं काही विकायचं हा त्यांचा मार्ग असतो. आणि चौथं ते खुलं सॉफ्टवेअर, जे आत्ता पाहिलं.

पहिल्या तिन्हींत वाईट काही नाही. दुकान चालवायचं तर कमाई करावीच लागते, आणि साध्या फोनवर मराठीत चालणारं ॲप एकट्या बाईला फार सोयीचं पडतं. फक्त आपण कशाच्या बदल्यात काय देतोय, हे माहीत असावं.

खुल्या सॉफ्टवेअरलाही खर्च आहे, तो लपवून चालणार नाही. संगणक लागतो. बसवून द्यायला जाणकार माणूस लागतो. शिकायला आठ-पंधरा दिवस जातात. पडद्यावरची भाषा आपल्याला जमते का ते आधी बघावं लागतं. आणि ईआरपीनेक्स्ट दहा बायकांच्या गटाला फारच मोठं होईल. चार माणसांच्या स्वयंपाकाला लग्नातलं पातेलं काढायचं काय?

मग कुणी काय वापरावं?

एकटी सखी, महिन्याला पाच-पन्नास बिलं: साधी वही पुरते. फोन हाताशी असेल तर उधारीचं एखादं सोपं ॲप चालेल, पण स्वतःच्या नंबरवर.

गटाचा उद्योग, रोज विक्री, दहा-वीस दुकानं: गटाकडे किंवा ग्रामसंघाकडे लॅपटॉप असेल तर फ्रॅपेचंच 'फ्रॅपे बुक्स' बघण्यासारखं आहे. ते खुलं आहे, फुकट आहे आणि इंटरनेट नसलं तरी चालतं. सगळा हिशोब तुमच्याच संगणकावर एका फाइलमध्ये राहतो. ती फाइल पेनड्राइव्हवर घेतली की झाली नक्कल.

संघ किंवा उत्पादक कंपनी, चाळीस-पन्नास गटांचा माल एका जागी: इथं ईआरपीनेक्स्टसारख्या सॉफ्टवेअरचा विचार करावा. कुणाचा किती माल आला, किती खपला, कुणाला किती द्यायचं हे प्रत्येक गटाला दिसलं तर "आमच्या मालाचे पैसे कुठं अडकले?" हा वादच उरत नाही. सगळ्या गटांनी मिळून एकदा खर्च केला तर एकेकीवर फार बोजा पडत नाही. दूध संस्थेत प्रत्येकीनं फॅटचं मशीन घेतलं नाही, सगळ्यांनी मिळून एक घेतलं. हा तोच सहकार.

जीएसटीची भीती दाखवून कुणी सॉफ्टवेअर गळ्यात मारत असेल तर घाई करू नका. आपल्या राज्यात फक्त मालाची विक्री करणाऱ्यांना साधारणपणे वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. पण आपला जिल्हा सीमेवरचा. निपाणी-बेळगावला माल जात असेल तर तो दुसऱ्या राज्यात गेला, आणि तिथं नियम बदलतात. आधी कर सल्लागाराला विचारा.

घेण्याआधी विचारायचे सहा प्रश्न

१. खातं कुणाच्या नंबरवर? भाचा, मुलगा, दुकानदार कुणाच्याही नको. गटाच्या नावानं वेगळा नंबर घ्या आणि पासवर्ड किमान दोघी पदाधिकाऱ्यांकडे ठेवा. ओटीपी मात्र बाहेरच्या कुणालाही सांगू नका.

२. पहिल्या वर्षानंतर किती? तोंडी नको, कागदावर लिहून घ्या.

३. पैसे भरले नाहीत तर जुना हिशोब दिसेल का? "दिसणार नाही" असं उत्तर आलं तर तिथंच थांबा.

४. सगळा हिशोब एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का? "येतो" एवढ्यावर भागवू नका. समोर काढून दाखवायला सांगा. हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. आपला हिशोब उचलून दुसरीकडे जाता आलं, तरच तो आपला.

५. ॲप फोनमधलं काय काय बघायला मागतं? हिशोबाच्या ॲपला तुमचे फोटो आणि सगळे मेसेज कशाला लागतात? कारण पटलं नाही तर परवानगी नाकारा.

६. बिघडलं तर कोण येणार, आणि मराठीत बोलणार का?

महापूर विसरू नका

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळ, करवीर, हातकणंगल्याकडच्या गावांनी पाणी पाहिलं. घरात पाणी शिरलं तिथं कपाटातली वही वाचत नाही, आणि लॅपटॉपही वाचत नाही. म्हणून हिशोबाच्या कायम दोन नकला हव्यात आणि दोन्ही एका घरात नकोत. महिन्याच्या बैठकीच्या दिवशी फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि तो वरच्या आळीतल्या सखीकडे ठेवा. उधारीची यादी कागदावर काढून इतिवृत्ताच्या वहीला जोडा. आणि सॉफ्टवेअर घेतलं तरी पहिले तीन महिने वही बंद करू नका. दोन्हींची बेरीज जुळायला लागली की मगच विचार करा.

सुरुवातीला ज्या गटाची गोष्ट सांगितली, त्यांनी पुन्हा सुरुवात केली आहे. ह्या वेळी गटाचा स्वतःचा नंबर आहे, पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे आहे, आणि दर महिन्याला उधारीचा कागद निघतो. भाचाच शिकवायला येतो, पण बटण दाबतात ताई.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. ज्यांच्या फोनवर गटाच्या उद्योगाचा हिशोब आहे त्यांनी फोन सोबत आणावा. सगळ्यांसमोर दोनच गोष्टी तपासा: खातं कुणाच्या नंबरवर आहे, आणि हिशोब बाहेर काढता येतो का. जिथं उत्तर अडेल, तिथं त्याच दिवशी वही उघडा आणि उधारी उतरवून घ्या.